आधी लान्सिंग की आधी चेरी-गॅरार्ड? ध्रुवमोहिमांच्या खऱ्या पुस्तकांतून निवड करताना

पावसाळा तोंडावर आला की आमच्या पन्हाळा-पावनखिंडवाल्या मंडळींत मोहिमांच्या गप्पा रंगतात. जळवा, चिखल, मसाई पठारावरचा वारा, सगळं सांगून झालं की कुणीतरी म्हणतंच, "ते अंटार्क्टिकावाले कसे राहिले असतील ओ? एखादं पुस्तक सांगा की. पण एकच सांगा, आणि घडलेलं पाहिजे, कादंबरी नको."

एकच सांगायचं तर माझं उत्तर ठरलेलं आहे: आल्फ्रेड लान्सिंगचं 'एन्ड्युरन्स'. अडचण एवढीच, की ध्रुवमोहिमांवरचं सगळ्यात थोर पुस्तक ते नव्हे. तो मान ॲप्स्ली चेरी-गॅरार्डच्या 'द वर्स्ट जर्नी इन द वर्ल्ड'चा. तरीही पहिल्यांदा वाचणाऱ्याच्या हातात मी चेरी देत नाही. का देत नाही हे जरा सविस्तर सांगतो, कारण या दोन पुस्तकांतला फरक कळला की बाकीची निवड सोपी होते.

फरक मोहिमेचा नाही, सांगणाऱ्याचा आहे. लान्सिंग हा अमेरिकन पत्रकार. ब्रिटिश मोहीमवीर शॅकल्टनची मोहीम झाली तेव्हा तो जन्मलाही नव्हता. हयात असलेल्या खलाशांना गाठून, त्यांच्या डायऱ्या वाचून त्यानं १९५९ साली पुस्तक काढलं. चेरी-गॅरार्ड स्वतः गेला होता, चोविसाव्या वर्षी, आणि त्याचं पुस्तक आलं १९२२ साली. गेलेला माणूस लिहितो तेव्हा थंडी अंगावर येते, पण तो हातचं राखूनही लिहितो: मोहिमेला पैसे देणारे अजून हयात असतात, मेलेल्या सोबत्यांच्या बायका ते वाचणार असतात. नंतर लिहिणारा सगळ्यांच्या डायऱ्या समोर मांडून गोष्ट छान बांधतो, पण त्याचा नायक आधीच ठरलेला असतो. पुस्तक उचलण्याआधी एवढं बघितलं तरी निम्मं काम झालं.

लान्सिंग: सुरू केलं की ठेववत नाही

अर्नेस्ट शॅकल्टनला अंटार्क्टिका खंड एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत पार करायचा होता. जानेवारी १९१५मध्ये वेडेल समुद्रात त्याचं 'एन्ड्युरन्स' जहाज बर्फात अडकलं. ऑक्टोबरात बर्फानं ते चिरडलं, माणसं बर्फावर उतरली, नोव्हेंबरात जहाज बुडालं. या २८ जणांपैकी एकाचाही पाय त्या मोहिमेत अंटार्क्टिकाच्या जमिनीला लागला नाही. म्हणजे मोहीम सुरू होण्याआधीच संपली, आणि पुस्तकाला खरा रंग चढतो तो तिथून पुढं.

लान्सिंगची हुशारी अशी, की तो शौर्याचे गोडवे गात बसत नाही, वस्तू दाखवतो. जहाज सोडताना माणशी जेमतेम किलोभर खासगी सामान ठेवायची मुभा होती. शॅकल्टननं सगळ्यांदेखत आपल्याकडची सोन्याची नाणी बर्फात टाकून दिली, राणीनं भेट दिलेल्या बायबलची मोजकी पानं फाडून घेतली आणि बाकीचं तिथंच ठेवलं. मात्र हसी नावाच्या हवामानतज्ज्ञाचा बँजो त्यानं मुद्दाम बरोबर घ्यायला लावला. पुढं एलिफंट बेटावर दोन होड्या पालथ्या घालून त्यांच्याखाली २२ जणांनी चार महिने काढले, तेव्हा तोच बँजो वाजत होता.

सुतार मॅकनिशचं काम तर लाकडात हात असलेल्या माणसानं मुद्दाम वाचावं. त्याच्यापुढं २२ फुटांची उघडी होडी होती आणि तिला वरून झाकायचं होतं. त्यानं स्लेजच्या (बर्फावर ओढायच्या गाडीच्या) खालच्या पट्ट्या, खोक्यांची झाकणं आणि कॅनव्हास एकत्र करून डेक उभा केला. फटी बुजवल्या दिव्याची वात, मोहिमेतल्या चित्रकाराचे तैलरंग आणि सीलचं रक्त यांनी. कॅनव्हास गोठून पत्र्यासारखा झालेला. सुई आत जावी म्हणून तो चरबीच्या शेगडीवर थोडा थोडा मऊ करून घ्यावा लागे. त्या 'जेम्स केअर्ड' होडीतून सहा जण मदत आणायला जगातल्या सगळ्यात खवळलेल्या समुद्रात सुमारे १३०० किलोमीटर, दक्षिण जॉर्जिया बेटाकडं गेले. जहाजाचा कप्तान फ्रँक वर्स्लीला सूर्य दिसून जागा मोजता आली ती अख्ख्या प्रवासात चारच वेळा. हेलकावे असे, की दोघांनी त्याला धरून ठेवायचं आणि त्यानं यंत्र डोळ्याला लावायचं. ते बेट हुकलं असतं तर पुढं नुसतं अटलांटिकचं पाणी. होडी लागली तीही वस्ती नसलेल्या बाजूला. मग शॅकल्टन, वर्स्ली आणि क्रीन या तिघांनी बुटांच्या तळव्यात होडीचे स्क्रू ठोकले आणि नकाशात नसलेले डोंगर ३६ तासांत ओलांडले. सह्याद्रीत फिरणाऱ्याला हे प्रकरण बसून वाचवत नाही.

मला स्वतःला मात्र होडीपेक्षा मागं राहिलेल्या बावीस जणांची पानं जास्त आवडतात. २०१९च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला तेव्हा ज्यांनी गच्चीवरून नुसती बोटीची वाट बघितली, त्यांना ही पानं कळतील. वाट बघणं हे सुद्धा काम असतं आणि ते कुणीतरी करवून घ्यावं लागतं. शॅकल्टनचा उजवा हात फ्रँक वाइल्ड रोज सकाळी सगळ्यांना बिछाने गुंडाळून ठेवायला लावायचा, साहेब आजच येतील म्हणून. त्याच अंधाऱ्या खोपटात जहाजावर लपून आलेल्या ब्लॅकबरो या पोराची हिमदंशानं काळी पडलेली पायाची बोटं डॉक्टरांनी कापली. ३० ऑगस्ट १९१६ला चिली देशाची 'येल्चो' ही छोटी बोट घेऊन शॅकल्टन आला, तेव्हा २२ पैकी २२ जिवंत होते.

आता या पुस्तकाची खोट. 'सगळेच्या सगळे वाचले' हे वाक्य तुम्ही कुठंही वाचाल, पण ते एका जहाजापुरतंच खरं आहे. शॅकल्टनची वाटेतली रसद पेरायला खंडाच्या दुसऱ्या बाजूनं, रॉस समुद्राकडून, वेगळी तुकडी गेली होती. तिनं जीव तोडून काम केलं आणि तिचे तीन जण मेले. ज्याच्यासाठी ती रसद पेरली तो माणूस कधी आलाच नाही. लान्सिंगच्या पुस्तकात ही बाजू जवळजवळ नाहीच. त्याचा शॅकल्टन जरा जास्तच उजळ आहे. ज्या मॅकनिशच्या हातांनी होडी तरली, त्याला पुढं ध्रुवपदक मिळू दिलं नाही हेही याच साहेबांचं कर्तृत्व. रॉस समुद्राकडची हकिकत हवी तर शॅकल्टनच्या स्वतःच्या 'साउथ'मध्ये (१९१९) आहे. भाषा मात्र अहवालाची, त्यामुळं ते दुसरं वाचावं.

चेरी-गॅरार्ड: थोर, पण दार जड

ही ब्रिटिश कप्तान रॉबर्ट स्कॉटची शेवटची मोहीम, १९१० ते १९१३. नावावरून वाटतं की सगळ्यात वाईट प्रवास म्हणजे दक्षिण ध्रुवाचा. तसं नाही. चेरी ज्याला वाईट म्हणतो तो प्रवास अंड्यांसाठी होता.

एम्परर पेंग्विन ऐन हिवाळ्यात, चोवीस तास अंधार असताना अंडी घालतो. त्या अंड्यातल्या गर्भात पक्षी आणि सरपटणारे प्राणी यांच्यामधला दुवा सापडेल, अशी तेव्हाच्या शास्त्रज्ञांची कल्पना होती. म्हणून २७ जून १९११ला डॉक्टर विल्सन, बॉवर्स आणि चेरी केप एव्हन्सच्या तळावरून पेंग्विनांच्या केप क्रोझियरकडं निघाले. अंतर शंभर किलोमीटरच्या थोडं वर. जाऊन यायला पाच आठवडे लागले. पारा उणे ६०च्या खाली गेला. चेरीची नजर अधू, आणि चष्मा तर श्वासानं लगेच गोठायचा. म्हणजे अंधारात हा माणूस जवळपास आंधळाच चालत होता.

एक सकाळ चेरीनं सांगितली आहे. तंबूतून बाहेर आला, आजूबाजूला बघायला मान वर केली आणि मान खाली येईना. कपडे तेवढ्या सेकंदांत गोठून कडक झाले होते. पुढचे चार तास त्यानं स्लेज ओढली ती तशीच, आभाळाकडं तोंड करून. त्यानंतर तिघांनीही बाहेर पडताच आधी ओढायच्या पवित्र्यात वाकायची सवय लावून घेतली, म्हणजे कपडे वाकलेलेच गोठतील. दुसरी गोष्ट स्लीपिंग बॅगची. निघताना चेरीची बॅग सुमारे ८ किलोंची होती. परत आल्यावर वजन केलं तर २० किलो. वाढलेलं सगळं वजन घामाचं आणि श्वासाचं बर्फ. रात्री त्या बॅगेत शिरायचं म्हणजे ती अंगाच्या उबेनं इंच-इंच वितळवत आत सरकायचं.

क्रोझियरला वादळानं तंबूच उडवून नेला. तंबू नाही म्हणजे परतीचा प्रवास नाही, हे तिघांनाही माहीत होतं. ते बॅगांत पडून भजनं म्हणत राहिले. वादळ ओसरल्यावर तंबू थोड्या अंतरावर उताराखाली सापडला. पाच अंड्यांतली तीन शाबूत परत आली. ती तीन अंडी घेऊन चेरी १९१३ साली लंडनच्या संग्रहालयात गेला, तर तिथल्या कारकुनी थाटाच्या माणसानं त्याला धड विचारलंही नाही. पोचपावतीसाठी त्याला बाहेर ताटकळत बसवलं. हा प्रसंग चेरीनं छोट्या नाटुकल्यासारखा लिहिला आहे. सरकारी ऑफिसच्या खिडकीपुढं कधी उभं राहिलेल्या मराठी माणसाला तो वेगळा समजवावा लागत नाही.

पुस्तक थोर होतं ते मात्र यानंतरच्या भागामुळं. मार्च १९१२मध्ये चेरी एका सोबत्यासह कुत्र्यांच्या स्लेज घेऊन वन टन डेपोपर्यंत, म्हणजे वाटेत पेरलेल्या रसदीच्या एका साठ्यापर्यंत, गेला होता. स्कॉट ध्रुवावरून परतत असेल, त्याला भेटायचं म्हणून. वादळं, संपत आलेलं कुत्र्यांचं खाणं, कुत्री धोक्यात घालू नयेत असा हुकूम. आठवडाभर थांबून तो मागं फिरला. त्याच महिन्याच्या अखेरीस स्कॉट, विल्सन आणि बॉवर्स त्या डेपोपासून सुमारे २० किलोमीटरवर तंबूत मेले. विल्सन आणि बॉवर्स, म्हणजे अंड्यांच्या प्रवासातले त्याचे दोन्ही सोबती. नोव्हेंबरात तो तंबू शोधणाऱ्या तुकडीत चेरीही होता. पुढं गेलो असतो तर, हा प्रश्न त्याला आयुष्यभर सुटला नाही. पुस्तक लिहिताना शेजारी राहणाऱ्या नाटककार बर्नार्ड शॉनं त्याला मदत केली, पण त्या प्रश्नात शॉ तरी काय करणार?

मग हे आधी का देत नाही? कारण सुरुवात रेंगाळते. जहाजाचा प्रवास, तट्टं, डेपो, इतरांच्या डायऱ्यांतले लांब उतारे आणि नावांची ही गर्दी. पहिल्या शंभर पानांत वाचक थकतो आणि पुस्तक कपाटात जातं ते कायमचं. यावर माझा उपाय: आधी हिवाळी प्रवासाचं प्रकरण काढून वाचा, मग शेवटचं प्रकरण, आणि दोन्ही मनात राहिली तर पहिल्या पानावर या. लेखकाचा अपमान होत नाही, उलट पुस्तक पुरं होतं.

या दोघांत ठरवायचं असेल तर

इंग्रजी पुस्तक सलग वाचायची सवय नसेल, कॉलेजला जाणाऱ्या मुलाला द्यायचं असेल किंवा घरात कुणाला वाचून दाखवायचं असेल, तर लान्सिंग. वाक्यं छोटी आहेत, बर्फाच्या आणि जहाजाच्या पाच-पन्नास शब्दांशी एकदा ओळख झाली की अडत नाही. सुट्टीच्या दोन दिवसांत संपतं. माणसं जिवंत राहतात, त्यामुळं रात्री झोपही लागते.

बरंच वाचलेलं असेल, आणि 'पुढं काय झालं' यापेक्षा 'माणूस त्यानंतर कसा जगला' यात रस असेल, तर चेरी. त्याला महिना द्या. मी विकत घेऊन जपून ठेवायचं एकच पुस्तक म्हणाल तर तेच सांगेन.

स्कॉट चूक की बरोबर हा वाद आधी वाचायला घेऊ नका. रोलंड हंटफर्डनं १९७९ साली स्कॉटला पार सोलून काढलं आणि त्याच्याआधी ध्रुवावर पोचलेल्या नॉर्वेच्या अमुंडसेनला डोक्यावर घेतलं. २००१ साली सुझन सॉलोमननं, म्हणजे ओझोनच्या भोकाचं कारण शोधणाऱ्यांतल्या शास्त्रज्ञ बाईंनी, हवामानाच्या नोंदी काढून दाखवलं की १९१२चा मार्च नेहमीपेक्षा खरोखरच फार थंड होता. 'द कोल्डेस्ट मार्च' हे त्यांचं पुस्तक मला पटतं. हंटफर्ड जास्त चुरचुरीत आहे, पण त्याच्या रागाचा पुढं पुढं कंटाळा येतो. खुद्द अमुंडसेनचं पुस्तक? तो १४ डिसेंबर १९११ला ध्रुवावर पोचला, स्कॉट १७ जानेवारी १९१२ला. ५२ कुत्री घेऊन निघाला, ११ परत आणली, बाकीची वाटेत माणसांनी आणि उरलेल्या कुत्र्यांनी खाल्ली, तेही ठरवून. सगळं ठरल्यासारखं झालं, त्यामुळं पुस्तकात नाट्य नाही. मोहीम आखणाऱ्यानं तयारीचा धडा म्हणून वाचावं.

एकटा मॉसन

ज्यांना एकच माणूस आणि एकच वाट हवी, त्यांच्यासाठी डग्लस मॉसन. हा ऑस्ट्रेलियाचा भूवैज्ञानिक. १४ डिसेंबर १९१२ला त्याचा सोबती निनिस क्रेव्हासमध्ये, म्हणजे बर्फातल्या खोल भेगेत, पडला आणि त्याच्याबरोबर स्लेज, चांगली सहा कुत्री, तंबू आणि बहुतेक सगळं खाणं गेलं. तळ तिथून सुमारे ५०० किलोमीटर. मॉसन आणि दुसरा सोबती मर्त्झ यांनी उरलेली कुत्री खात वाट कापली. ८ जानेवारीला मर्त्झ मेला. कुत्र्याच्या यकृतातल्या 'अ' जीवनसत्त्वानं त्यांना विष बाधलं, असं पुढं काही संशोधकांनी मांडलं. सगळ्यांना ते मान्य नाही. मॉसनच्या पायाचे तळवे कातड्यासकट सुटून आले. त्यानं ते परत बसवून बांधले आणि वर मोज्यांचे थर चढवले. पुढं तोही क्रेव्हासमध्ये पडला, दोरीला लोंबकळत काठापर्यंत चढला, काठ तुटला, पुन्हा खाली. दुसऱ्यांदा चढून आला.

सगळ्यात जीव घेणारी गोष्ट शेवटी आहे. तळाजवळच्या बर्फाच्या गुहेत तो पोचला तर तिथं संत्री आणि अननस ठेवलेला. म्हणजे जहाज आलं होतं. मग वादळानं त्याला तिथंच आठवडाभर अडकवलं. ८ फेब्रुवारी १९१३ला तो उतरून तळावर आला, तर जहाज काही तासांपूर्वीच निघालं होतं. त्याच्यासाठी सहा जण मागं थांबले होते. त्यांच्याबरोबर आणखी एक हिवाळा काढावा लागला.

त्याचं स्वतःचं 'द होम ऑफ द ब्लिझर्ड' आणि डेव्हिड रॉबर्ट्सचं 'अलोन ऑन द आइस' (२०१३) यांत मी रॉबर्ट्स निवडतो. मॉसन आपल्या यातनांबद्दल इतकं कमी बोलतो की पानं उलटून गेल्यावर लक्षात येतं, अरे, आत्ता माणूस मरता मरता वाचला. पण रॉबर्ट्स वाचून झाल्यावर मॉसनची तीच प्रकरणं जरूर काढा. तो संकोचच मग बोलायला लागतो.

उत्तरेकडची तीन पुस्तकं, एकाच ओळीत

दक्षिणेची पुस्तकं सुटी सुटी वाचली तरी चालतं. उत्तरेची ही तीन मी एकामागून एक वाचायला सांगतो.

हॅम्प्टन साइड्सचं 'इन द किंगडम ऑफ आइस' (२०१४) आधी. १८७९ साली 'जीनेट' हे जहाज ३३ माणसं घेऊन सॅन फ्रान्सिस्कोहून निघालं. उत्तर ध्रुवाभोवती उघडा समुद्र आहे अशी एका जर्मन नकाशातज्ज्ञाची ठाम समजूत होती, आणि पैसे होते एका वर्तमानपत्राच्या चक्रम मालकाचे. जहाज त्याच वर्षी बर्फात गोठलं, जवळजवळ दोन वर्षं वाहत राहिलं, जून १८८१मध्ये सैबेरियाच्या उत्तरेला बुडालं. २० माणसं मेली. साइड्स गोष्ट रंगवून सांगतो, कधी कधी जरा जास्तच, पण नवख्याला ते पथ्यावर पडतं.

तीन वर्षांनी त्याच जहाजाचे अवशेष ग्रीनलंडच्या किनाऱ्याला लागले. त्यात एका खलाशाचं नाव लिहिलेली विजारही होती. फ्रिट्यॉफ नानसेननं त्यावरून ओळखलं की ध्रुवाकडचा बर्फ या बाजूकडून त्या बाजूला वाहतो. मग त्यानं मुद्दाम गोलसर बुडाचं 'फ्राम' जहाज बांधलं, की बर्फानं दाबलं तर चिरडण्याऐवजी वर उचललं जाईल, आणि १८९३ साली ते स्वतःहून बर्फात गोठवून घेतलं. पुढं तो आणि योहान्सन जहाज सोडून कुत्र्यांच्या स्लेज घेऊन निघाले, उत्तरेला ८६ अंश १४ मिनिटं अक्षांशापर्यंत गेले आणि परतताना दगडांच्या भिंती आणि वॉलरसच्या कातड्याचं छप्पर असलेल्या खोपटात अख्खा हिवाळा अस्वलाचं मांस खाऊन काढला. उपाशी मरणं लांबच, दोघांचं वजन वाढलं. एकाच बॅगेत झोपणारी ही दोन माणसं नववर्षाच्या आदल्या रात्रीपर्यंत एकमेकांना अहो-जाहो करत होती. 'फार्दस्ट नॉर्थ'मध्ये कुणी मरत नाही आणि घाईही नाही. ज्याला बारकावे आवडतात त्यानं घ्यावं.

तिसरं व्हालेरियान अल्बानोव्हचं 'इन द लँड ऑफ व्हाइट डेथ'. छोटं आणि माझ्या मते सगळ्यात कमी गाजलेलं. रशियाचं 'स्व्यताया आन्ना' १९१२ साली गोठलं. १९१४च्या एप्रिलात अल्बानोव्ह १३ जणांना घेऊन चालत निघाला. वाटेचा आधार काय, तर नानसेनच्या पुस्तकातली वर्णनं आणि नकाशा. तिघं मागं फिरले, बाकीचे एकेक करून गेले, आणि पोचले दोघंच, अल्बानोव्ह आणि कोनराड. जहाज आणि त्यावर राहिलेली माणसं पुन्हा कुणाला दिसली नाहीत. तीन पुस्तकांत पैसा फार लागतो असं वाटलं तर साइड्स सोडा, हे सोडू नका.

बायका कुठं आहेत?

आमच्या ग्रुपमधल्या मुलींनी हा प्रश्न विचारला आणि बरं केलं, कारण त्यामुळं दोन पुस्तकं यादीत आली. जेनिफर निव्हनचं 'एडा ब्लॅकजॅक' (२००३): अलास्काच्या मूळनिवासी इन्युपियाट समाजातली बाई, शिवणकामासाठी चार गोऱ्या तरुणांबरोबर १९२१ साली सैबेरियाच्या उत्तरेच्या रँगल बेटावर गेली. मुलाला क्षयरोग होता, उपचाराला पैसे हवे होते. अन्न संपलं. तिघं मदत आणायला बर्फावरून निघाले ते कायमचे गेले. चौथा, आजारी, तिच्या हवाली. ती सापळे लावायला शिकली, बंदूक चालवायला शिकली, त्याची सेवा केली. तो जून १९२३मध्ये स्कर्व्हीनं ('क' जीवनसत्त्वाच्या अभावानं होणाऱ्या रोगानं) मेल्यावर ऑगस्टपर्यंत एका मांजरीबरोबर एकटी राहिली. ज्यांना वीरांच्या वाटेला जायची हौस नव्हती त्यांच्यातलं कोण टिकतं, हे बघायचं तर हेच पुस्तक.

क्रिस्टियाने रिटरचं 'अ वुमन इन द पोलार नाइट' (१९३८) अगदी वेगळं. ऑस्ट्रियातली चित्रकार बाई नवऱ्याच्या सांगण्यावरून १९३४ साली नॉर्वेच्या उत्तरेच्या स्पिट्सबर्गेन बेटाच्या उत्तर टोकाला एका खोपटात वर्षभर राहिली. शर्यत नाही, ध्रुव नाही, प्रेतं नाहीत. काजळीनं माखलेली चूल, वादळ आणि बदलत जाणारा उजेड. माझ्या आईला यातलं एकच पुस्तक वाचून दाखवायचं झालं तर मी हे घेईन.

बेल्जियमच्या 'बेल्जिका' जहाजावरचं ज्युलियन सँक्टनचं 'मॅडहाउस ॲट द एंड ऑफ द अर्थ' (२०२१) हे ज्यांना मनाच्या आजाराचं, वेड लागण्याचं वाचायला आवडतं त्यांना. अंटार्क्टिकाच्या बर्फात माणसांनी काढलेला पहिला हिवाळा, १८९८चा. कच्च्या पेंग्विनच्या मांसावर आणि शेकोटीसमोर उघडं उभं करून माणसं जगवणारा डॉक्टर कुक पुढं फसवणुकीच्या खटल्यात तुरुंगात गेला. एवढं सांगून थांबतो.

घ्यायचं कसं

कोल्हापुरात ही पुस्तकं दुकानात मांडलेली क्वचितच दिसतात, मागवावीच लागतात. पण 'साउथ', 'द वर्स्ट जर्नी', 'फार्दस्ट नॉर्थ', 'द होम ऑफ द ब्लिझर्ड' आणि अमुंडसेनचं पुस्तक कॉपीराइटच्या बाहेर आहेत आणि प्रोजेक्ट गुटेनबर्ग या वेबसाइटवर फुकट मिळतात. आधी तिथं एक प्रकरण वाचा, मगच पैसे घाला. लान्सिंग मात्र विकत घ्या, आणि मोहिमेचा छायाचित्रकार फ्रँक हर्ली याचे फोटो असलेली आवृत्ती मिळाली तर तीच. हर्लीनं जहाज बुडताना काचेच्या निगेटिव्ह पाण्यातून काढल्या आणि वजन कमी करायला त्यातल्या बहुतेक स्वतःच फोडल्या. उरलेल्या १२०च्या आसपास निगेटिव्हवर आपण आज ती मोहीम बघतो. खुद्द जहाज २०२२च्या मार्चमध्ये ३००० मीटर खोलीवर सापडलं.

हे सगळं परदेशी वाटत असेल तर नकाशावर कोल्हापूरच्या खाली गोवा बघा. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम १९८१च्या डिसेंबरात तिथूनच निघाली. आपलं ध्रुवसंशोधन केंद्रही तिथंच, वास्कोला. १९८३-८४च्या तिसऱ्या मोहिमेत गेलेल्या समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत औंधच्या पंतप्रतिनिधी घराण्यातल्या. म्हणजे फार लांब जायची गरज नाही.

चेरी-गॅरार्डची प्रत घेताना एक गोष्ट दुकानातच किंवा ऑनलाइन नमुना पानांत बघून घ्या: नकाशे आहेत का. स्वस्तातल्या काही छपायांत नकाशे आणि विल्सनची चित्रं गाळलेली असतात. केप एव्हन्स, केप क्रोझियर आणि वन टन डेपो नकाशावर दिसत नसतील तर ती प्रत परत ठेवा आणि दुसरी मागवा.